सतरा नंबरचे बूट

चित्रा ओगले भित्री आहे, हे डोंबिवलीत फक्त तिच्या नवऱ्याला माहीत आहे. बाकी सगळ्यांना ती वाघीण वाटते. चोवीस म्हातारीकोतारी माणसं घेऊन परदेशात जाते, विमानतळावर अधिकाऱ्यांशी भांडते, हॉटेलच्या स्वयंपाकघरात घुसून कुकर लावते, असं तिच्याबद्दल सोसायटीत बोललं जातं. घर सोडताना ती गॅसचं बटण तीनदा बघते आणि रिक्षात बसल्यावर चौथ्यांदा बघायला केदारला फोन करते, हे कुणी सांगत नाही. केदारही उठून बघत नाही. पलंगावरूनच म्हणतो, "बंद आहे गं, जा तू."

नौपाड्यातल्या एका टूरवाल्यांकडे ती बारा वर्षं व्हिसाचे फॉर्म भरत होती. एका वर्षी टूर मॅनेजर जिन्यावरून पडला, पाय मोडला, आणि मालकाने हिला पाठवलं. रात्रभर ती कागद तपासत बसली, पण दहा दिवसांनी माणसं मोजून नेली तेवढी मोजून परत आणली. त्यानंतर सात वर्षांत तिचं एकही माणूस हरवलं नाही, कारण ती सतत, जेवतानासुद्धा, मोजत असते. केदार चिडवतो, "हिच्यासमोर मी एकटा बसलो तरी ही एकदा मोजते."

तिची पद्धत साधी आहे. टूर निघते त्या दिवशी प्रत्येकाला एक नंबर. बस सुटायच्या आधी चित्रा दारात उभी राहून ओरडते, "नंबर!" की एकापासून चोवीसपर्यंत ज्याने त्याने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. नुसती डोकी मोजली तर चूक होते, कुणी वाकून पिशवी काढत असतं. आवाज मात्र ज्याचा त्यालाच काढावा लागतो, असा तिचा हिशेब.

'जर्मनीचे किल्ले, आठ दिवस' या टूरचे नंबर तिने खोपटच्या एसटी स्टँडसमोर वाटले. विमानतळावर जाणारी बस तिथूनच सुटणार होती. एक नंबर भाऊंना. भाऊंनी पंचवीस वर्षं खोपट डेपोत कंट्रोलर म्हणून गाड्या सोडलेल्या, त्यामुळे त्यांचा "एक!" रस्त्यापलीकडे ऐकू गेला. सोळा नंबर कल्याणच्या शांताबाईंना, निवृत्त शिक्षिका, अखंड बोलणाऱ्या. सतरा नंबर ठमाबाईंना.

ठमाबाई बाळकुमच्या. आगरी बाई, सत्तरीच्या आत-बाहेर, उभ्या अंगाच्या. जिथे त्यांनी भात लावला तिथे आता मोठाले टॉवर झालेत. मुलगा सुशांत सोडायला आला होता. त्याने चित्राला बाजूला घेतलं. "मॅडम, तिकिटं दोघांची काढलेली. बाबा दिवाळीत गेले. ही घरात नुसती बसून असते, बोलत नाय. म्हटलं, निदान ही तरी जाऊन येऊ दे, मन रमेल. तिला तिकडचा फोन जमणार नाय. मी रोज तुमच्याच फोनवर करीन, तिकडचे पाच वाजता."

"नका काळजी करू," चित्रा म्हणाली. ही तिची सवयच. स्वतः घाबरलेली असली की ती समोरच्याला हे वाक्य सांगते.

दुसऱ्या दिवशी नॉयश्वानस्टाइन झालं. तो पांढरा किल्ला समोरून बघायचा तर एका अरुंद पुलावर जावं लागतं. खाली खोल घळ, तळाशी धबधबा, आणि पायाखालच्या फळ्यांच्या फटीतून तो सगळा दिसतो. चित्रा तिथे नेहमी कठड्याला न शिवता मधोमध उभी राहते आणि हसऱ्या तोंडाने लोकांचे फोटो काढते. शांताबाई किल्ल्याकडे पाठ करून फोटोसाठी पोज देत होत्या. ठमाबाई कठड्याला धरून होत्या, पण किल्ल्याकडे बघत नव्हत्या. खाली बघत होत्या. बराच वेळ.

"आजी, किल्ला तिकडे," चित्रा म्हणाली.

"बगला त्यो," ठमाबाई म्हणाल्या. मग तशाच खाली बघत, भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात, "हितनं खाली परला तं कवरा येल लागंल गं?"

खाली पडायला किती वेळ लागेल! चित्राने मोबाईल खिशात टाकला. ती हसली. "असलं काय बोलताय आजी! चला, आईस्क्रीम खाऊ." तिने ठमाबाईंचा दंड धरला तो पूल संपेपर्यंत सोडला नाही. त्या रात्री हॉटेलात खोल्या वाटताना तिने सोळा-सतराला तळमजला मागून घेतला. शांताबाईंना कारण सांगितलं गुडघ्यांचं.

कुणाला सांगावं का हे? सुशांतला? काय सांगायचं, तुमच्या आईने एक प्रश्न विचारला म्हणून? त्या दोन दिवस चांगल्या जेवत होत्या. एकदा तर सगळ्यांना वाकटी मासळीच्या कालवणाची कृती सांगितली. चित्राने मनाला समजावलं, तू गॅसचं बटण बघणारी बाई, तुला काय, सगळंच वाईट दिसतं.

पाचव्या दिवशी राईन नदीकाठचा किल्ला होता. छोटासा, जुना, नदीवर आलेल्या कड्याच्या टोकावर चिकटलेला. आत बघण्यासारखं फार नाही, चिलखतं नि भाले. पण मागच्या गच्चीवरून दिसणारा देखावा बघायला लोक येतात. कमरेएवढी दगडी भिंत, भिंतीपलीकडे एकदम खोल, तळाशी नदीचं वळण, तिच्यातून सरकणाऱ्या लांबुडक्या बोटी, आणि दोन्ही अंगांच्या उतारांवर द्राक्षांचे मळे, विंचरून ठेवल्यासारखे. भाऊ म्हणाले, "माळशेजच्या तोंडात मारतंय हो." शांताबाई म्हणाल्या, "भाऊ, माळशेजला नावं ठेवू नका, उपमा चुकते."

पावणेचारला सगळे बसमध्ये चढले. साडेचारची बोट गाठायची होती, ती चुकली तर पुढचा सगळा दिवस कोलमडणार. चित्रा दारातून ओरडली, "नंबर!"

आकडे आले. "चौदा! पंधरा! सोळा! सतरा! अठरा!" चोवीसपर्यंत. डीटर नावाच्या ढेरपोट्या ड्रायव्हरने दार लावलं. बस वळणं घेत खाली उतरली.

धक्क्यावर चित्राने बोटीची तिकिटं एकेकाच्या हातात दिली. सगळे फळीवरून चढले. तिच्या हातात एक तिकीट उरलं.

तिने ते उलटसुलट करून बघितलं. दोन चिकटून आली असतील. मग तिने बोटीकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"ठमाबाई कुठायत?"

शांताबाई वाकून पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

"शांताबाई, ठमाबाई तुमच्या शेजारी बसतात ना? सतरा कोण म्हणालं?"

शांताबाईंनी मान वर केली. चेहरा पांढराफटक. "मी म्हणाले."

"काय?"

"अहो, त्यांना ओरडायला लाजल्यासारखं होतं. पहिल्या दिवसापासून मीच म्हणते दोन्ही. मला वाटलं मागून चढतायत, टॉयलेटला गेल्या असतील, येतीलच. हजेरीत आम्ही... म्हणजे वर्गात मुलं करायची ना, तसं..."

चार दिवस! चार दिवस ती ज्या आवाजावर विसंबून झोपत होती, तो आवाज ठमाबाईंचा नव्हताच.

बोटीने भोंगा दिला. भाऊ पुढे झाले. "मॅडम, मी घेऊन जातो बाकीच्यांना. पुढच्या धक्क्यावर उतरवून बसून राहतो, एक माणूस हलणार नाय. तुम्ही जा. पळा!"

डीटरला तिने तुटक्या इंग्रजीत सांगितलं. त्याने काही विचारलं नाही, गाडी फिरवली. वर चढताना एकेक वळण म्हणजे एक वर्ष वाटत होतं. चित्रा पुढच्या काचेला नाक लावून रस्त्याच्या कडा बघत होती. चालत येत असतील. इथे, या झाडाखाली बसल्या असतील. नव्हत्या. तिच्या डोक्यात ते वाक्य फिरत होतं, जाता जात नव्हतं. कवरा येल लागंल गं.

किल्ल्याच्या दारात तिकीट फाडणारी एक गोरी, चष्मेवाली बाई होती. चित्राने साडीची खूण करून विचारलं. बाईचा चेहरा बदलला. ती उठली आणि "या" म्हणून चित्राला मागच्या गच्चीवर घेऊन गेली. तिथे झाडलोट करणारा एक म्हातारा झाडू तसाच धरून उभा होता, भिंतीपासून चार पावलांवर, जणू जवळ जायला बिचकतोय.

भिंतीच्या कोपऱ्याशी बूट होते. पांढरे, सुशांतने मुद्दाम घेऊन दिलेले, जोडीने नीट लावून ठेवलेले. प्रत्येकात एकेक मोजा दुमडून खोचलेला. आणि भिंतीवर, बुटांच्या बरोबर वर, गळ्यात अडकवायचा चामड्याचा बटवा. पासपोर्ट त्यातच.

चित्रा खालीच बसली, त्या दगडी फरशीवर.

चष्मेवाली बाई हळू आवाजात इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या आई का?"

"नाही. माझ्या... माझ्या ग्रुपमधल्या."

"त्या दुःखी होत्या का?"

दिवाळीत नवरा गेला, पुलावर खाली बघत होत्या, मी त्यांना आईस्क्रीम दिलं. चित्राने नुसती मान हलवली, हो की नाही ते तिलाच कळलं नाही. बाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पोलिसांना फोन करायला आत गेली. जाताना म्हणाली, "खाली बघू नका."

पण बघायला हवं होतं. दुसरं कोण बघणार? ती माणसं तिने मोजून आणली होती. चित्रा गुडघ्यांवर सरकत भिंतीपाशी गेली. दगडाला दोन्ही हात लावले. दगड उन्हाने कोमट होता. डोळे मिटूनच तिने मान भिंतीवरून पुढे काढली आणि मग डोळे उघडले.

आधी काहीच दिसलं नाही, नुसती पोकळी वर चालून आली. मग झाडांचे शेंडे दिसू लागले, काळा खडक, त्याच्याखाली दाट झुडपं. रंगीत काही नाही. ठमाबाईंनी आज कुठलं लुगडं नेसलं होतं? जांभळं? हिरवं? सकाळी नाश्त्याला बघितलं होतं ना तू? हिरवं असेल तर त्या झाडांत कसं दिसणार?

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. पाच वाजले होते. सुशांत.

उचलला नाही तर तो पुन्हा पुन्हा करेल.

"हॅलो मॅडम, जेवताना आठवण आली आयची. आज बांगडे आणलेत. देता का तिला जरा?"

"अहो... त्या बाथरूमला गेल्यायत," चित्रा म्हणाली. आवाज इतका सहज निघाला की तिची तिलाच शिसारी आली. "थोड्या वेळाने मी करते तुम्हाला."

"बरी हाय ना?"

"नका काळजी करू."

फोन ठेवून ती भिंतीला पाठ टेकून बसली. म्हाताऱ्या झाडूवाल्याने पाण्याची बाटली पुढे केली. मग त्याने जर्मनमध्ये काहीतरी म्हटलं आणि भिंतीच्या कोपऱ्यापलीकडे बोट केलं. चित्राला शब्द कळला नाही, पण डीटरला कळला. तो मागोमाग आला होता. "पायऱ्या," तो म्हणाला. "तिथे जुनं फाटक आहे. मळ्यांत उतरायच्या पायऱ्या. हा म्हणतो, फाटक सकाळी लावलेलं होतं. आता उघडं आहे."

चित्रा उठली. फाटक म्हणजे बुटांपासून चार हातांवर एक ठेंगणं लोखंडी दार. त्याच्यापुढे दगडी पायऱ्या, कड्याला घासून तिरप्या खाली गेलेल्या, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काही नाही. गंजकी साखळी तेवढी. तिने बूट आणि बटवा छातीशी धरला, पाठ खडकाला लावली आणि बसत, घसरत, एकेक पायरी उतरू लागली. प्रत्येक वळणाला थांबून ती आधी खाली बघायची. खाली काहीतरी पडलेलं दिसेल. काहीतरी जांभळं किंवा हिरवं.

"ठमाबाई!" तिने हाक मारली. आवाज फाटका निघाला. "आजी! ओ आजी!"

खालून, द्राक्षांच्या ओळींमधून, आवाज आला.

"कोन त्या? चित्रा?"

चित्रा होती तिथेच पायरीवर बसली आणि हमसाहमशी रडली. मग उरलेल्या पायऱ्या ती कशी उतरली ते तिला आजही सांगता येत नाही.

पायऱ्या संपतात तिथे दगडी खांबावर एक छोटं देवघरासारखं होतं, तिकडे रस्त्याकडेला असतात तसं. आत मेरीची मूर्ती, कडेवर पोर. मूर्तीच्या पायाशी एक खण, त्यावर मूठभर तांदूळ, हळदकुंकवाची पुडी उघडलेली. कड्याच्या गार सावलीत, खालच्या दगडावर ठमाबाई बसल्या होत्या. लुगडं तपकिरी होतं. अनवाणी पाय पदरात गुंडाळून घेतलेले, ओठ गारठून निळे.

"आयलीस बाय? मना वाटला तुमी गेलाव सगली. आता मना कोन नेनार घरा?"

"इथे काय करताय तुम्ही?" चित्रा ओरडली. सगळी भीती राग होऊन बाहेर पडली. "सांगून जायचं नाही? वर पोलिसांना फोन केलाय लोकांनी! बूट काढून भिंतीपाशी ठेवलेत, बटवा ठेवलात..."

"मंग? बूट घालून देवीकरं जावाचा? बटवा कातऱ्याचा, त्यो पन काढला." ठमाबाईंना खरंच कळेना यात ओरडण्यासारखं काय. "वरनं दिसली ही. गर, किल्ला म्हटला म्हंजे देवी असनारच, आमची एकवीरा नाय का डोंगरान. घरनं खण आनलावता, म्हटला हिची ओटी भरू. उतरली सरसर. मंग गुडगं धरलं. वर येवाला पाय उचलंना. हाका मारल्या, कुनी आयकंना."

चित्रा त्यांच्या शेजारी बसली. तिने ठमाबाईंचा एक पाय मांडीवर घेतला, दगडासारखा गार, आणि मोजा चढवू लागली. मोजा उलटा चढला; तिने तो काढून पुन्हा घातला. ठमाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना उमगलं.

"तुना वाटला मी उरी टाकली?"

चित्रा मोजा ओढत राहिली.

ठमाबाई हसल्या. मग हसू उतरलं. "खोटा नाय सांगाची," त्या म्हणाल्या. "त्यो इचार आयलावता मनान. भिंतीवं हात ठेवलावता. घरा पन येतो. सुशांतनी ईसाव्या माल्यावं घर घेतलंय. सकाली सगली जातान कामाला, पोरा शालेन. मी नि ती ग्यालरी. सुशांतचा बापूस व्हता तवा तितं बसून गावातल्या मानसांना नावा ठेवाचो आमी. आता मी ग्यालरीचा दार लावते नि सयपाकघरान जाऊन बसते. मना माजाच भ्याव वाटतं."

"आज काय झालं मग?"

"आज ही दिसली." त्यांनी मूर्तीकडे हनुवटी केली. "हिची ओटी भराची ऱ्हायली असती."

वरून डीटरच्या हाका येत होत्या. चित्राने "सापडल्या" म्हणून ओरडून सांगितलं. तो म्हणाला, मळ्याच्या रस्त्याने पोलिसांची गाडी येतेय, त्यातूनच वर आणतील, चालवू नका त्यांना.

"पोलीस?" ठमाबाईंनी तिचं मनगट धरलं. "सुशांतला नको सांगू गो. रागवंल त्यो. त्यानी एवरा खरचून पाटवली. तू सांग, मजेन हाय."

चित्राला ते सोपं होतं. नका काळजी करू, एवढंच म्हणायचं. केदार पलंगावरून म्हणतो तसं, बंद आहे; शांताबाई म्हणाल्या तसं, सतरा. तिने मघाशी ते म्हटलंही होतं. टूर नेण्याच्या सात वर्षांवर डाग येऊ नये अशी भीती तिच्या मनात त्याही क्षणी होती. मालकाला कळलं तर पुढची टूर कदाचित मिळणार नाही, हेही तिला दिसत होतं. पण तीन दिवसांनी ही बाई पुन्हा त्या विसाव्या मजल्यावर जाणार होती, आणि तिथे हाक मारायला कुणी नव्हतं.

"मी नाही खोटं बोलणार आता," ती म्हणाली. "आणि तुम्हीही नाही." तिने फोन लावला.

"सुशांत, मी मघाशी खोटं बोलले. तुमच्या आई तेव्हा मला सापडत नव्हत्या. आता माझ्याजवळ आहेत, धडधाकट आहेत. पण त्यांना तुम्हाला एक सांगायचंय. मध्ये बोलू नका, ऐका."

फोन तिने ठमाबाईंच्या कानाला लावला. ठमाबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला. पलीकडून "आय? आय गं?" ऐकू येत होतं.

"बाला," ठमाबाई म्हणाल्या. "मना त्या घरान दिवसभर एकटी नको ठेवू."

सुशांतने काहीतरी विचारलं.

"नाय, कुनी काय बोलला नाय. सून चांगली हाय. मना ग्यालरीकरं जावासा वाटतं रे. बापूस गेल्यापासनं. आज हितं पन वाटला." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी भियालीय बाला. लय भियालीय."

सुशांतचा आवाज फोनबाहेर येण्याइतका मोठा झाला, मग फुटला, मग तो काहीतरी भराभर सांगू लागला. ताईला बोलावतो, बाळकुमच्या जुन्या आळीत राहू, रजा काढतो, ग्यालरीला कुलूप, उद्याच, असे तुकडे चित्राच्या कानावर पडले. मळ्याच्या वळणावर निळी गाडी दिसू लागली. ठमाबाईंनी ती बघितली आणि चित्राच्या खांद्याला टेकल्या.

"फोन नको ठेवू," त्या मुलाला म्हणाल्या. "हे येतान मना न्यायला. वर पोचेपरत बोलत ऱ्हा."